यात डास कुठे आहे?

*ताई, मी डोंबिवलीला राहते आणि मुंबईतल्या एका कॉलेजात एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मी पावसाळ्यातल्या डेंग्यूच्या आठवड्यागणिक आकड्यांवर एसआयआर मॉडेल बसवलं. आलेख इतका छान जुळला की गाईड सरांनी तो वर्गात सगळ्यांना दाखवला. व्हायवाला बाहेरून प्राणिशास्त्राच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यात डास कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही. "मग हे जीवशास्त्र नाही," असं म्हणून त्यांनी वही मिटली. घरी येताना लोकलमध्ये रडू आवरेना. मला याच विषयात पुढे जायचं होतं. पण जीवशास्त्र मी दहावीनंतर सोडलं. आई म्हणते बी.एड. कर. दादा म्हणतो डेटा सायन्सचा कोर्स कर, वर्षभरात नोकरी लागेल. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. माझं काम खरंच फुकट गेलं का? आणि माझ्यासारखीने या वाटेला जावं का?*

*– स., डोंबिवली*

प्रिय स.,

तुझं काम फुकट गेलेलं नाही. पण मॅडमचा प्रश्नही बरोबर होता, आणि त्याचं उत्तर शोधल्याशिवाय तू पुढे जाऊ नयेस असं मला मनापासून वाटतं. "हे जीवशास्त्र नाही" असं मात्र मी म्हणणार नाही. ते अपुरं जीवशास्त्र आहे. नेमकं काय अपुरं आहे हे कळलं, की तुझं खरं काम तिथून सुरू होईल.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. एसआयआर मॉडेलमध्ये लोकसंख्येचे तीन गट करतात: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे आणि जे ती दुसऱ्याला देऊ शकतात ते, आणि जे बरे झाले किंवा दगावले ते. एका गटातून दुसऱ्या गटात माणसं किती वेगाने जातात ते तीन विकलक समीकरणांत मांडायचं आणि संगणकाकडून ती सोडवून घ्यायची. साथ हळूहळू चढते, कळसाला पोचते, मग ओसरते. हा आकार इतक्या साथींमध्ये दिसतो की समीकरणं आकड्यांवर जुळली की माणूस हरखून जातो.

तू वापरलेल्या या मॉडेलचं मूळ १९२७ सालच्या एका शोधनिबंधात आहे. विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक हे त्याचे लेखक. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, आणि तरीही तीन वर्षांनी हा गणिती निबंध उभा राहिला. त्यात त्यांनी आपलं गणित एका खऱ्या साथीला लावून दाखवलं. ती साथ आपल्या मुंबईची. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसं गेली, त्याचे ते आकडे.

त्यांच्या सूत्रात तीनच संख्या आहेत: ८९०, ०.२ आणि ३.४. तुला गणित येतं, म्हणून सांगते. ३.४ ला ०.२ ने भागलं की १७ येतात. म्हणजे सतराव्या आठवड्यात, एप्रिलच्या मध्यावर, साथ कळसाला होती आणि आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू होत होते. बाकीचा सगळा चढ-उतार हायपरबोलिक सेकंट या घंटेसारखा आकार देणाऱ्या गणिती फलाच्या वर्गातून येतो. आकड्यांचे ठिपके आणि सूत्राची रेघ एकमेकांना अगदी चिकटून चालतात. पुढे हा आलेख अनेक पाठ्यपुस्तकांत गेला.

आता मॅडमचाच प्रश्न इथे विचार. प्लेग हा मुळात उंदरांचा आजार. आजारी उंदराचं रक्त पिसवा पितात, उंदीर मेला की त्या दुसरं शरीर शोधतात आणि ते माणसाचंही असू शकतं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग ओळखला गेला तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण १९०५ नंतर प्लेगच्या चौकशी आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत उंदीर आणि पिसवांवर काम करून ते पक्कं केलं. मग केरमॅक-मॅकेंड्रिक यांच्या सूत्रात उंदीर कुठे आहे? पिसू कुठे आहे?

त्या दोघांनी याचं उत्तर त्याच निबंधात, त्याच आलेखाखाली देऊन ठेवलं आहे, आणि म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. त्यांनी लिहिलं की माणसांमधला प्लेग ही उंदरांमधल्या प्लेगची पडछाया आहे असं आम्ही धरतो आहोत. बेटावरच्या सगळ्या उंदरांना लागणीची संधी सारखी होती, पिसवा इतक्या भरपूर होत्या की उंदराकडून उंदराला थेट लागण व्हावी तशी साथ पसरली, हेही गृहीत आहे. यातलं एकही गृहीतक काटेकोरपणे खरं नाही, त्यामुळे या संख्यांवरून प्रत्यक्षातल्या स्थिरांकांबद्दल निष्कर्ष काढू नयेत, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. पुढच्या लोकांनी आलेख उचलला आणि ही ताकीद मागे राहिली.

२०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हे प्रकरण पुन्हा उघडलं. त्यांचा मुद्दा साधा पण जबर आहे. एसआयआर मॉडेलमध्ये साथ ओसरते ती लागण होण्याजोगी माणसं कमी पडतात म्हणून. मुंबईत मात्र प्लेग एकदा येऊन संपला नव्हता. तो वर्षानुवर्षं हिवाळ्यात उसळायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर बसायचा. १९०६ चा उतार हा माणसं किंवा उंदीर संपल्यामुळे आलेला उतार नसून हवामानाने, पिसवांच्या जगण्या-मरण्याने आणलेला असणार. बाकाएर यांनी उंदीर, पिसवा, माणसं आणि ऋतू असे सगळे घेऊन नवं मॉडेल मांडलं. पंचाऐंशी वर्षं जो आलेख एसआयआरचा नमुना म्हणून मिरवला गेला, त्याचा आकार बरोबर होता. आकारामागचं कारण दुसरंच होतं.

तुझ्या डेंग्यूचंही हेच होत नसेल कशावरून? मुंबईत डेंग्यू पावसाळ्यात चढतो आणि पाऊस सरल्यावर काही आठवड्यांत उतरतो. तुझं मॉडेल म्हणतं की लोकांमध्ये प्रतिकारशक्ती आली म्हणून तो उतरला. ते तपासायचा एक सोपा मार्ग तुझ्या हातात आहे. मॉडेल शेवटपर्यंत चालव आणि त्याच्या मते मोसमभरात वॉर्डातल्या किती टक्के लोकांना लागण झाली ते काढ. उत्तर अर्ध्याहून जास्त लोक असं आलं, तर ते पटण्यासारखं आहे का? उत्तर फार लहान आलं, तर बहुधा तू लागण होण्याजोगी लोकसंख्याच लहान धरली आहेस, किंवा आलेख जुळवताना संगणकाने ती गुपचूप लहान केली आहे. मी असे प्रोजेक्ट पाहिले आहेत ज्यात लाखांच्या वस्तीतले काही हजारच लोक आजारी पडू शकतात असं मॉडेल धरून चाललं होतं, आणि ते कुणी वाचलंच नव्हतं. सगळे आलेखाकडे बघत होते.

दुसरी गोष्ट तुझ्या दोन स्थिरांकांची: लागणीचा दर आणि बरं होण्याचा दर. साथीच्या सुरुवातीला रुग्ण ज्या वेगाने वाढतात तो या दोघांच्या फरकावर ठरतो. घरात महिनाअखेर दोन हजार रुपये उरतात एवढंच कळलं, तर पगार किती आणि खर्च किती ते सांगता येत नाही. पगार वीस हजार असेल किंवा दोन लाख. तसंच इथे. फरक तोच ठेवून दोन्ही दर वरखाली केले तरी चढाचा भाग जवळपास तितकाच जुळतो. म्हणून यातला एक दर आलेखातून काढू नकोस, बाहेरून आण: ताप आल्यावर माणसाच्या रक्तात विषाणू किती दिवस राहतो हे डॉक्टरांना माहीत असतं. शिवाय डेंग्यूची लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणंच दिसत नाहीत आणि ते कधी तपासणीला येत नाहीत. तुझे आकडे म्हणजे लागण झालेल्यांचा छोटा तुकडा, आणि तो तुकडा केवढा हेही एक गृहीतकच आहे. ते तुझ्या प्रोजेक्टमध्ये कुठे लिहिलेलं नसेल तर आज लिही.

आता डासाकडे येऊ.

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, त्यासाठी त्यांना १९०२ चं नोबेल मिळालं. हे शाळेत शिकवतात. त्यांनी पुढे मलेरियाची समीकरणं मांडली हे सहसा शिकवत नाहीत, आणि रॉस यांना स्वतःला त्या गणिताचं मोल फार होतं. त्या वेळी लोक म्हणत, सगळे डास मारणं अशक्य, मग मोहिमेचा उपयोग काय? रॉस यांनी गणिताने दाखवलं की शेवटचा डास मारावा लागत नाही. माणसांमागे डासांचं प्रमाण एका मर्यादेखाली आणलं की मलेरिया आपोआप मावळतो. डास समीकरणात असल्यामुळेच हे दिसलं.

डेंग्यूसाठी असा एक हिशोब तुला करून दाखवते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी आजारी माणसाला चावली की लगेच ती दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकत नाही. विषाणू तिच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोचायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. तोवर ती जिवंत राहिली पाहिजे. समज, मादी रोज जगण्याची शक्यता ९० टक्के आहे. मग दहा दिवस तगणाऱ्या माद्या ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. आता फवारणीने म्हण किंवा आणखी कशाने, रोज जगण्याची शक्यता ८० टक्क्यांवर आली. ०.८ चा दहावा घात काढ: जेमतेम ११ टक्के. शिवाय ज्या तगल्या त्या पुढेही कमी दिवस जगणार. दोन्ही मिळून प्रसार जवळपास सातपट घटतो. डासांची संख्या निम्मी केली असती तर प्रसार फक्त निम्मा झाला असता. पूर्ण वाढलेल्या डासाचं आयुष्य थोडं कमी करणं हे संख्या कमी करण्यापेक्षा किती जास्त परिणाम करतं, हे कुणालाही नुसत्या अंदाजाने सांगता येणार नाही. ते समीकरण सांगतं. आणि डास नसलेलं समीकरण ते कधीच सांगू शकणार नाही.

मॅडमच्या प्रश्नाचा अर्थ मी असा घेते. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाच्या माणसाला तुझ्या मॉडेलला विचारायचं असेल की ड्रम उपडे करत फिरू की धूरफवारणी करू, तर मॉडेलमध्ये डासाच्या अळीचा आणि पूर्ण वाढलेल्या डासाचा वेगळा विचार हवा. विचारायचंच नसेल, फक्त पुढच्या आठवड्यात वॉर्डात किती खाटा लागतील एवढं हवं असेल, तर डासाशिवायही चालून जाईल. कुठला प्रश्न विचारतो आहोत त्यावर मॉडेलमध्ये काय घ्यायचं ते ठरतं. तुझ्या पत्रात तू मॉडेलचं वर्णन केलंस, आलेखाचं केलंस, पण प्रश्न काय होता ते कुठेच नाही. मला वाटतं तुझ्या प्रोजेक्टमध्ये खरी उणीव ती आहे.

एक भीती मला वाटते म्हणून सांगते. व्हायवाला बसलेल्या धक्क्याने तू आता दुसऱ्या टोकाला जाशील. डास घेशील, अंडी घेशील, पाऊस, तापमान, डेंग्यूचे चारही प्रकार, शाळांच्या सुट्ट्या, सगळं घेशील आणि वीस समीकरणं होतील. तसं करू नकोस. छोट्या मॉडेलमध्ये किती ताकद असते याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण एचआयव्हीचं आहे. लागण झाल्यावर माणूस वर्षानुवर्षं बरा दिसतो, रक्तातली विषाणूंची पातळीही बरीचशी स्थिर असते. त्यामुळे विषाणू त्या काळात निपचित असतो असा समज होता. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेचे ॲलन पेरेल्सन आणि डॉक्टर डेव्हिड हो यांच्या गटाने रुग्णांना नवं औषध देऊन विषाणू किती वेगाने घटतो ते वारंवार मोजलं. १९९६ च्या निबंधात रुग्ण फक्त पाच होते आणि मॉडेल मोजक्या समीकरणांचं. पण त्या उतारावरून कळलं की स्थिर दिसणाऱ्या पातळीखाली दिवसाला सुमारे १००० कोटी विषाणू तयार होत होते आणि तितकेच नष्ट होत होते. इतक्या वेगात एखाद्या औषधाला दाद न देणारा बदल विषाणूत लवकरच होणार. म्हणून एकट्या औषधाने भागत नाही, अनेक औषधं एकत्र द्यावी लागतात, या उपचारामागचं कारण त्या गणिताने स्पष्ट केलं. समीकरणं थोडी होती, पण प्रत्येक पद कुठल्या पेशीचं आणि कुठल्या विषाणूचं आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते तपासायला कुठला प्रयोग करायचा हेही.

मुंबईतच राहून विचार करण्यासारखं आणखी एक आहे. एसआयआरमध्ये सगळे सगळ्यांत सारखे मिसळतात. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी तीन वॉर्डांत रक्ततपासणी केली, तेव्हा झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे ५७ टक्के लोकांमध्ये कोरोनाची प्रतिपिंडं सापडली आणि झोपडपट्ट्यांबाहेर सुमारे १६ टक्के लोकांमध्ये. वॉर्ड तेच, महिना तोच. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या साथी चालल्या होत्या म्हण. सरासरी काढून मांडलेलं कुठलंही मॉडेल हे हरवून बसतं. त्याच काळात टीआयएफआर आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने (आयआयएससी) वेगळा मार्ग घेतला: संगणकात शहर उभं केलं, त्यात घरं, शाळा, कचेऱ्या आणि मुंबईसाठी लोकलचा प्रवासही घातला, आणि एकेक माणूस वेगळा धरून साथ चालवून पाहिली. अशा मॉडेलला माहिती खूप लागते आणि ते समजून घ्यायलाही कष्ट पडतात. पण लोकल सुरू केली तर काय होईल, हा प्रश्न विचारायचा असेल तर लोकल आत असावी लागते.

आता तुझ्या प्रोजेक्टचं काय करायचं ते सांगते. मोसमाच्या पहिल्या अर्ध्या आकड्यांवर मॉडेल बसव आणि उरलेला अर्धा झाकून ठेव. मॉडेल तो सांगतं का बघ. मग तेच स्थिरांक मागच्या वर्षाला लाव. तिथे ते कोसळलं तर खूप चांगलं, कारण कुठे कोसळलं त्यावरून काय सुटलं ते कळतं. एसआयआरच्या शेजारी डासांची दोन समीकरणं असलेलं मॉडेल मांड आणि दोन्ही मॉडेलं सारखीच जुळतात का ते पाहा. सारखी जुळली तर तसं प्रामाणिकपणे लिही. या आकड्यांवरून दोन्हींत निवड करता येत नाही, हाही निष्कर्षच आहे. पायथॉन या संगणकभाषेत सायपाय नावाच्या संचातलं, समीकरणं सोडवणारं तयार सॉल्व्हर वापरलंस तर यातलं काहीच अवघड नाही. आणि आलेखाखाली तुझी गृहीतकं साध्या मराठीत लिही, गणित न येणाऱ्यालाही कळतील अशी. माझ्या अनुभवात जे गृहीतक मराठीत लिहिताना हात अडखळतो, तेच बहुतेक वेळा चुकीचं निघतं.

त्या मॅडमना भेट. खरंच भेट. त्यांना सांग, मला डास शिकायचा आहे. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एडिसची अळी पाण्यात कशी लटकते, अंड्यापासून डास व्हायला किती दिवस लागतात, थंडीत ते दिवस कसे वाढतात, हे डोळ्यांनी बघ. कॉलेजचं पत्र घेऊन वॉर्डातल्या कीटकनाशक अधिकाऱ्याकडे जा आणि पावसाळ्यात त्यांच्या माणसांबरोबर एखादा दिवस फिरायची परवानगी माग. गच्चीवरच्या ताडपत्रीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, मनी प्लँटच्या बाटलीत अळ्या बघितल्यास, की डास किती पैदा होणार हा तुझा स्थिरांक कशाकशावर अवलंबून आहे ते तुला कुणी सांगावं लागणार नाही.

"दहावीनंतर जीवशास्त्र सोडलं" याचं ओझं तू फार घेतेस. दामोदर धर्मानंद कोसंबी गणितज्ञ होते. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना १९४० च्या दशकात त्यांनी गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र दिलं. पुढे ते मुंबईला टीआयएफआरमध्ये आले. त्याआधी ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये एक सूत्र मांडलं होतं. त्यात गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल एका जागी झाली तरी शेजारच्या जागी ती होण्याची शक्यता बदलत नाही असं धरलं होतं. गणिताला ते सोयीचं. पण प्रत्यक्ष जिवांमध्ये एका जागी अदलाबदल झाली की शेजारी ती होण्याची शक्यता कमी होते. कोसंबींनी ही अडचण बाजूला सारली नाही, तिलाच सूत्रात जागा दिली. पिकांच्या आणि प्राण्यांच्या जनुकांचे नकाशे काढणारे आजही कोसंबींचं सूत्र वापरतात. जीवशास्त्राची पदवी नसणं आड आलं नाही. जिवाने घातलेली अट त्यांनी मनापासून ऐकली. ते तुलाही जमेल. मात्र पेशी, जनुकं, रोगप्रतिकारशक्ती आणि परिसंस्था एवढं तरी पदवीच्या पातळीवर तुला शिकावंच लागेल. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. एका वर्षात होण्यासारखं आहे, पण ते टाळून चालणार नाही.

पुढची वाट. टीआयएफआरचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम आहे, विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे. दोन्हींच्या जाहिराती कधी निघतात आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेतात का ते पाहून अर्ज कर. पीएच.डी.साठी पवईला आयआयटीचा जीवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभाग, पुण्यात आयसर, चेन्नईला आयएमएससी, बेंगळुरूला एनसीबीएस आणि आयआयएससी, अशा संशोधन संस्थांत गणितातून आलेल्यांचं काम चालतं. प्रत्येक ठिकाणची पात्रता वेगळी असते, ती नीट वाच. गणितातून सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी ४२,०००. हे आईला सांग. पीएच.डी. म्हणजे आणखी पाच-सहा वर्षं घरच्यांच्या जिवावर शिकणं, असं बऱ्याच घरांत वाटतं. फेलोशिप मिळाली तर तसं नसतं. पण त्यानंतरच्या कायमच्या जागा थोड्या आहेत आणि त्यासाठी शहर सोडावं लागू शकतं, हेही तिच्यापासून लपवू नकोस. विद्यापीठाबाहेर औषध कंपन्यांत, औषध शरीरात किती वेळ टिकतं आणि डोस किती द्यावा याची मॉडेलं करणारी माणसं लागतात, औषधांच्या चाचण्यांसाठी संख्याशास्त्रज्ञ लागतात. त्यातलं पुष्कळ काम मुंबईत आहे.

दादा जे शिकायला सांगतोय त्याला विरोध करू नकोस. पायथॉन, संख्याशास्त्र, आकडे स्वच्छ करणं, हे सगळं तुला या विषयातही रोज लागणार आहे. आईच्या बी.एड.चाही अनादर नको. ते दोन वर्षांनीही करता येतं, आणि चांगली गणिताची शिक्षिका होणं ही काही कमी गोष्ट नाही. बाबांच्या निवृत्तीचं तू एका ओळीत लिहिलंस. निर्णय तिथे अडकलेला आहे असं मला वाटतं. घरी बसून स्पष्ट विचार: पेन्शन किती येणार, कर्ज आहे का, माझ्या पगाराची गरज कधीपासून लागेल? लगेच लागणार असेल तर नोकरी धर, संध्याकाळी जीवशास्त्र शीक आणि दोन वर्षांनी नेट दे. त्याने काही हुकत नाही. वर्षभर सवड असेल तर ते वर्ष माग, फेलोशिपचे अर्ज आणि नेटच्या तारखा कागदावर लिहून दाखव, आणि त्या वर्षात काय झालं नाही तर तू काय करशील तेही त्याच कागदावर लिही. दादाला त्या वेळी समोर बसव. त्याला तुझं मॉडेल समजावून सांग, डासासकट.